बिऱ्हाड हलले, वही राहिली

बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणारी माणसे आपण पाहतो. तसे हिंडणारे प्रोग्रॅमही असतात, हे मला आमच्या भाच्याने सांगितले. प्रोग्रॅम आणि त्याला लागणारे सामान एका पेटीत बांधायचे, आणि वाटेल त्या यंत्रावर ती मांडायची! या पेटीस 'कंटेनर' म्हणतात. अशा शेकडो पेट्यांचा कारभारी म्हणजे 'कुबरनेटिस'. गूगलने तो २०१४ साली जगापुढे आणला. शब्द ग्रीक, अर्थ, सुकाणू धरणारा.

हा कारभारी मोठा कठोर. पेटी मोडली की तो ती टाकून देतो आणि नवी मांडतो. पेटीत लिहिलेले सारे तिच्याबरोबर जाते. म्हणून काही जण हिशेबाची वही पेटीबाहेर, त्या यंत्राच्याच फडताळात ठेवतात. या सोयीचे नाव 'होस्टपाथ'. यंत्र एकच असेल, तर काम चोख.

पण यंत्रे तीन असली म्हणजे? आमच्या सोसायटीचे हिशेब सांभाळणाऱ्या कंपनीत एका रात्री एक यंत्र बंद पडले. कारभाऱ्याने रिवाजाप्रमाणे पाच मिनिटे वाट पाहिली आणि दुसऱ्या यंत्रावर नवी पेटी मांडली. तिथे फडताळ नव्हते. 'नसल्यास नवे करावे' अशी आज्ञा होती, ते झाले! प्रोग्रॅम बिनतक्रार सुरू झाला. सकाळी चिटणीस पाहतात तो मेंटेनन्सचे खाते कोरे! वही पहिल्या यंत्रात शाबूत होती; पण तिकडे पाहतो कोण?

"मामा," भाचा म्हणाला, "फडताळ आधीपासून असलेच पाहिजे, अशी अट घालता येते. मग पेटी उघडतच नाही. दुकान बंद राहिलेले परवडते, कोरे खाते परवडत नाही."

त्याहून बरी सोय 'लोकल व्हॉल्यूम'ची. ती २०१९ साली पक्की झाली. तीत वही कोणत्या यंत्रात आहे हे कारभाऱ्यास ठाऊक असते. पेटी तो तिथेच धाडतो. यंत्रच जळाले तर मात्र वहीही गेली. तेव्हा नक्कल अन्यत्र हवीच. शिवाय होस्टपाथ देताना हात आखडता घ्यावा. फडताळाऐवजी सबंध घराची किल्ली दिली, तर पेटीतला चोर घरधनी होतो.

तेव्हा वाचकहो, आपल्या चिटणीसांना एवढेच विचारा : आपली वही कोणत्या यंत्रात आहे, आणि नक्कल कुठे? उत्तर चटकन न मिळाल्यास पावत्या जपून ठेवा.