आकडा वाढला, तक्रार घटली

2020 साली देशात गुन्हे वाढले की घटले? राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात एकूण गुन्हे 28 टक्क्यांनी वाढून 66 लाखांवर गेलेले दिसतात. लोक घरात असल्याने चोऱ्या तर कमी झाल्या होत्या. मग भर पडली कशाची? बरीचशी कलम 188 ची, म्हणजे सरकारी आदेश मोडल्याची. त्या नोंदी वर्षभरात सुमारे 29 हजारांवरून 6 लाख 12 हजारांवर गेल्या.

त्याच अहवालात स्त्रियांवरील गुन्हे मात्र 8 टक्क्यांनी घटलेले आहेत. वाचून हायसं वाटायला हवं, आम्हाला वाटलं नाही. आम्ही शिक्षक मंडळी. हजेरीपटावरून मूल आज आलं नाही एवढंच कळतं, घरी त्याचं काय चाललंय ते नाही.

लॉकडाऊनमध्ये मारणारा दिवसभर घरातच होता. माहेरची वाट बंद, पोलीस नाक्यानाक्यावर बंदोबस्ताला. अम्मीचा फोन आला तरी तो शेजारीच बसलेला, मग पोरगी ‘सब खैरियत है’ म्हणणार नाही तर काय? राष्ट्रीय महिला आयोगाकडे मात्र घरगुती हिंसेच्या तक्रारी वाढत होत्या. एप्रिल 2020 मध्ये आयोगाने त्यासाठी व्हॉट्सॲप क्रमांक दिला. बोलता येत नसेल, तर निदान आवाज न करता दोन ओळी लिहिता येतील.