टर्बो गाडी आणि इथेनॉल : खर्च कुठे करावा, कुठे टाळावा?

उसाच्या पट्ट्यात इथेनॉल हा शब्द आता कुणाला समजावून सांगावा लागत नाही. २००१ साली मिरज आणि मनमाडला पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचा प्रयोग झाला. २००३ साली महाराष्ट्रासह नऊ राज्यांत ५ टक्के मिश्रण आले. जून २०२२ मध्ये देशाने १० टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ मध्ये २० टक्क्यांचा. म्हणजे आपण कारखान्याला घातलेला ऊस फिरून आपल्याच गाडीच्या टाकीत येतो आहे.

आनंदाची गोष्ट आहे, पण हिशेबाचीही आहे. एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ताकद कमी असते. त्यामुळे तेवढेच काम करायला इंधन जास्त लागते. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच म्हटले आहे, की २० टक्के मिश्रणावर जुन्या धाटणीच्या चारचाकीचे अॅव्हरेज ६ ते ७ टक्क्यांनी घटेल. १० टक्क्यांसाठी बनवून २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाडीत ही घट १ ते २ टक्केच राहील.

गावोगावी आता छोट्या टर्बो पेट्रोल गाड्या दिसू लागल्या आहेत. गॅरेजवाला म्हणतो, "साहेब, इथेनॉलचं पेट्रोल आलंय, मोठा पंप आणि मोठे इंजेक्टर टाकून घ्या." तेव्हा खिशात हात घालण्याआधी एवढे समजून घ्या.

टर्बो म्हणजे इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा. हवा जास्त, तर इंधनही जास्त हवे. इथेनॉल हवेला थंड करते आणि इंजिनाचे नॉकिंग रोखते, म्हणून टर्बोला ते मानवते. पण इंधन कमी पडले, की मिश्रण लीन होते आणि जोर लावल्यावर पिस्टन जळू शकतो. नुकसान होते ते इथे.

टाकीतला इंधनपंप म्हणजे विहिरीवरची मोटरच समजा. हेड वाढला, की मोटर पाणी कमी फेकते. अनेक टर्बो गाड्यांत हवेचा दाब वाढला, की इंधनाचा दाबही तेवढाच वाढवावा लागतो. साधारण ३ बारवर चालणाऱ्या पंपाला १ बार टर्बोदाबाला ४ बारवर इंधन द्यावे लागते. ऐन गरजेच्या वेळी पुरवठा घटतो. इंजेक्टर म्हणजे ड्रीपर. पंपच कमी पडत असेल, तर मोठे ड्रीपर बसवून काय उपयोग?

आता आकडे पाहा. पूर्ण जोरावर इंजेक्टर ८० टक्के वेळ उघडा राहत असेल, तर २० टक्के इथेनॉलवर तो ८६ टक्क्यांच्या आसपास जाईल. म्हणजे अजून जागा शिल्लक आहे. पण ८५ टक्के इथेनॉलच्या इंधनाला ३० ते ४० टक्के जास्त पुरवठा लागतो. हिशेब शंभराच्या वर जातो, म्हणजे इंजेक्टर पुरणारच नाही. तिथे आधी पंप व त्याची वायर, मग पाइप व फिल्टर, मग इंजेक्टर आणि शेवटी संगणकाची जुळवणी, अशी सगळी साखळी बदलावी लागते. एक कडी सोडली, तर बाकीचा खर्च वाया. थेट सिलिंडरमध्ये इंधन सोडणाऱ्या इंजिनात उच्च दाबाचा वेगळा पंप असतो. ते काम तालुक्याच्या गॅरेजचे नव्हे.

मग करायचे काय? एप्रिल २०२३ नंतरची गाडी असेल आणि कंपनीच्या पुस्तिकेत २० टक्के मिश्रण चालते असे लिहिले असेल, तर काहीही बदलू नका. जुनी असेल, तर ताकदीचा नाद सोडा आणि रबर तपासा. इथेनॉलने जुने रबरी पाइप व सील फुगतात, चिरतात. ते इथेनॉल सोसणाऱ्या मालाचे बसवा. टाकीतला जुना गाळही इथेनॉल सुटा करते, म्हणून एक-दोन टाक्यांनंतर फिल्टर बदला. फवारणी पंपासाठी कॅनमध्ये पेट्रोल ठेवत असाल, तर पावसाळ्यात झाकण घट्ट ठेवा. पाणी शिरले, की इथेनॉल पाण्याबरोबर तळाला बसते. मोठे फेरफार केले, तर वॉरंटी आणि विम्याच्या वेळी प्रश्न येतात. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ ही गाडीच्या मूळ रचनेत बदलाला मर्यादा घालते.

आणखी एक गोष्ट. 'इथेनॉल-१००' नावाचे इंधन मार्च २०२४ मध्ये देशातील निवडक पंपांवर आणले गेले. ते त्यासाठी बनवलेल्या गाड्यांसाठीच आहे. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर निर्बंध घातले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये ते उठवले. धोरण असे हंगामागणिक बदलू शकत असताना घरची गाडी जास्त इथेनॉलवर नेण्यासाठी पदरचे पैसे ओतणे शहाणपणाचे नाही.

सरपंच, ग्रामसेवक मंडळींनी एक करावे. जवळच्या पंपावर मिश्रणाचे प्रमाण ठळक लिहिले आहे का, ते पाहावे आणि नसेल तर ग्रामसभेच्या ठरावाने मागावे. उसाचे वजन काट्यावर आपण डोळ्यांत तेल घालून पाहतो. त्याच उसाचे इथेनॉल टाकीत पडते, तेव्हा ते किती टक्के आहे, हे विचारायला लाज कसली?