आधी माप, मग बेअरिंग

बीएमडब्ल्यूच्या ई-46 एम-3 या गाडीचे सहा सिलिंडरचे इंजिन मिनिटाला 8000 फेऱ्यांपर्यंत जाते. त्यातल्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगांची तक्रार इतकी गाजली की, 2001 ते 2003 दरम्यानच्या गाड्यांची बेअरिंग कंपनीलाच बदलून द्यावी लागली. आता हौशी मालक ऑईल पॅन उतरवून हे काम घरीच करतात. त्यात गैर काही नाही; पण नवी बेअरिंग बसवूनही इंजिन ठोकू लागले, तर आधी सुट्या भागाला बोल लावू नये, न घेतलेले माप आठवावे. क्रँक आणि बेअरिंग यांच्यात मिलिमीटरच्या काही शतांशांचीच फट हवी, तिच्यातच तेलाचा थर टिकतो. प्लास्टिगेज हा माप घेण्याचा मऊ तंतू बेअरिंगमध्ये ठेवून रॉडची कॅप आवळली की, तो किती चपटा झाला यावरून फट कळते.

‘गॅरेजवाले तरी कुठे मोजतात?’ असे कोणी म्हणेल. त्यांची हयगय हे आपल्या हयगयीचे समर्थन होत नाही. ताणले गेलेले जुने बोल्ट पुन्हा लावले, एका रॉडची कॅप दुसऱ्याला बसवली किंवा क्रँकवरचे ओरखडे तसेच ठेवले, तर महागडी बेअरिंगही मातीमोल होतात. ठोका ऐकताच इंजिन बंद करा, तेलात धातूचा चुरा आहे का पाहा. माप घेणे जमत नसेल, तर पाना हाती धरू नका.