शर्यतीबाहेरचे इंजिनिअरिंग

फॉर्म्युला वनमध्ये न उतरणारी कंपनी इंजिनिअरिंगमध्ये कच्ची, असा समज आपल्या क्षेत्रात, विशेषतः नव्या अभियंत्यांमध्ये, घट्ट बसला आहे. लॅम्बोर्गिनीकडे पाहिले की तो टिकत नाही.

ट्रॅक्टरच्या धंद्यात पैसा कमावलेल्या फेरुच्चो लॅम्बोर्गिनींनी १९६३ साली मोटारींचा कारखाना काढला. इंजिनासाठी गाठले ते फेरारी सोडलेल्या बिझारिनींना. त्यांनी दिलेले साडेतीन लिटरचे व्ही-१२ मात्र शर्यतीच्या वळणाचे होते: ड्राय सम्प, उभे कार्ब्युरेटर, ताकद सगळी चढ्या आरपीएमवर. फेरुच्चोंना शर्यत नको होती. लांबच्या प्रवासात त्रास न देणारी गाडी हवी होती. मग कंपनीचे अभियंते दल्लारा यांनी तेच इंजिन वेट सम्प आणि आडवे कार्ब्युरेटर देऊन रस्त्याजोगे केले आणि १९६४ मध्ये ३५० जीटी आली. याला इंजिनाचे पंख छाटणे म्हणणारे आजही भेटतात. मला ते अधिक अवघड काम वाटते. शर्यतीचे इंजिन शर्यतीनंतर उघडता येते, ग्राहकाचे नाही. त्या इंजिनाचा वंश २०१० पर्यंत, मुर्सिएलागोपर्यंत चालला.

दल्लारा आणि त्यांचे सहकारी स्टान्झानी यांना शर्यतीची ओढ होतीच. ती मिउरा या गाडीत उतरली, आणि मिउरा रस्त्यावरच राहिली.

क्रायस्लरच्या मालकीच्या काळात कंपनीने अभियंते फोर्गिएरी यांच्याकडून फॉर्म्युला वनचे व्ही-१२ करून घेतले; ते १९८९ ते १९९३ शर्यतीत धावले. हाती लागला एकच पोडियम: १९९० मध्ये सुझुका येथे आगुरी सुझुकींचा तिसरा क्रमांक. १९९३ मध्ये सेन्नांनी मॅक्लारेनमध्ये ते इंजिन चालवून पाहिले, पण मॅक्लारेनने प्यूजो निवडले आणि प्रकरण संपले. विक्रीला त्याची गरजही नव्हती: फेरारीची गाडी शर्यतीच्या नावावर विकली जाते. लॅम्बोर्गिनीचा ग्राहक आकार आणि आवाजासाठी येतो. त्याला ग्रां प्रीच्या निकालाचे फारसे देणेघेणे नाही.

तरी शर्यत कंपनीने टाकलेली नाही. हुराकान जीटी३ खासगी संघांना विकली गेली, आणि डेटोनाच्या २४ तासांच्या शर्यतीत तिने २०१८, २०१९ आणि २०२० असे सलग तीनदा आपला वर्ग जिंकला. इथे गाडीचे पैसे संघ मोजतात. उलट फॉर्म्युला वनमध्ये २०२१ साली लागू झालेली खर्चमर्यादाच संघामागे १४.५ कोटी डॉलर होती, इंजिनाचा खर्च वेगळा.

म्हणून वाचकांना विनंती: पुढच्या डिझाइन रिव्ह्यूमध्ये लॅप टाइमइतकाच वेळ कूलिंग, एनव्हीएच आणि सर्व्हिस इंटरव्हलला द्या, आणि ते काम करणाऱ्यांना टेबलावर पुढची खुर्ची द्या.