फोन एकाच्या हातात, टीव्ही सगळ्यांसमोर

पोस्ट जरा लांब आहे, सवडीने वाचा. विषय तसा किरकोळ वाटेल: मोबाईल किंवा लॅपटॉपवरचा व्हिडिओ कॉल घरातल्या, शाळेतल्या, ग्रामपंचायतीतल्या टीव्हीवर दाखवणं. "यात सार्वजनिक काय आलं?" असं काही जण विचारतील. माझ्या मते बरंच काही आहे.

साधी गोष्ट आहे. फोन ज्याच्या हातात, कॉल त्याचा. तो वळवेल तिकडे कॅमेरा, आणि तो सांगेल तेवढंच बाकीच्यांना कळणार.

आपल्याकडे निम्म्या घरांतली पोरं सुरत, पुणे, नाशिकला आहेत. संध्याकाळी पोराचा व्हिडिओ कॉल येतो. आजीच्या वाट्याला फोन येतो दोन मिनिटं. "कसा शे रे भाऊ? ऐकू येस का?" एवढं होतं न होतं तोच फोन दुसऱ्याच्या हातात. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना त्या पाच-सहा इंची काचेत नातू दिसला की नुसता उजेड दिसला, हे कोणी विचारत नाही. तोच कॉल भिंतीवरच्या टीव्हीवर लावा. आजी खाटेवर बसल्या जागी बोलते, सून स्वयंपाकघराच्या दारातून बोलते, कोणाला कोणाकडे फोन मागावा लागत नाही.

आता हेच गावाला लावून बघा.

तालुक्यातल्या एका गावात मी स्वतः पाहिलेलं सांगतो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण हा एकाच गावाचा प्रश्न नाही. पीक विम्याबद्दल वरून व्हीसी होती. कार्यालयात भिंतीवर मोठा टीव्ही, पण बंद. व्हीसी चालू एका मोबाईलवर, त्यावर सहा-सात जण वाकलेले. बाहेर ओट्यावर पंधरा-वीस शेतकरी बसलेले. तासाभराने एक जण बाहेर आला आणि म्हणाला, "साहेब म्हणे, होऊन जाईल." काय होऊन जाईल? कधी? कोणाचं? उत्तर एकच, "तेवढंच बोलले."

खरंच तेवढंच बोलले असतील. पण ते ओट्यावरच्या माणसाने स्वतःच्या कानाने ऐकायला पाहिजे होतं ना? आपलं सोनगीर तांब्या-पितळेच्या भांड्यांचं गाव. इथलं गिऱ्हाईक हंडासुद्धा टिचकी मारून आवाज ऐकून घेतं. मग शासनाचा शब्द मात्र तिसऱ्याच्या तोंडून का घ्यायचा?

पडदे नाहीत असंही नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या धुळे जिल्ह्याने जिल्हा परिषदेच्या शाळा डिजिटल करून राज्यात नाव कमावलं. न्यूयॉर्कला राहणारे धुळ्याचे हर्षल विभांडिक यांनी पुढाकार घेतला आणि गावोगावी लोकांनी वर्गणी काढली. म्हणजे त्या पडद्यांत तुमच्या-माझ्या खिशातला पैसा आहे. पण बहुतेक ठिकाणी पडदा फक्त दाखवण्यापुरताच राहिला. तो दोन्ही बाजूंनी बोलू शकतो हे आपण मनावरच घेतलं नाही.

मोठ्या ठिकाणी हे कधीच सुरू झालंय. २४ एप्रिल २०२० ला, ऐन लॉकडाऊनमध्ये, पंतप्रधान देशभरातल्या सरपंचांशी व्हीसीवर बोलले. २७ सप्टेंबर २०२२ पासून सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाचं कामकाज आपण घरबसल्या बघू शकतो. देशाचं सर्वोच्च न्यायालय पडदा लोकांकडे वळवतं, तर ग्रामपंचायतीला काय अडचण आहे?

"खर्च" म्हणाल, तर खर्च थोडाच आहे. ज्यांना करायचं त्यांच्यासाठी थोडक्यात:

१) लॅपटॉप असेल तर एचडीएमआय केबल सगळ्यात खात्रीची. एक टोक लॅपटॉपला, दुसरं टीव्हीला, रिमोटवरून तो एचडीएमआय निवडा. चित्र नाही आलं तर विंडोज आणि पी ही बटणं एकत्र दाबून "डुप्लिकेट" करा.

२) अँड्रॉइड फोन आणि स्मार्ट टीव्ही असेल तर दोन्ही एकाच वायफायवर घ्या आणि फोनमध्ये "कास्ट" किंवा "स्क्रीन कास्ट" शोधा. सॅमसंगमध्ये त्याला "स्मार्ट व्ह्यू" म्हणतात. आयफोनवाल्यांसाठी एअरप्ले आहे, पण टीव्हीत ती सोय हवी.

३) टाइप-सी ते एचडीएमआय केबल घेण्याआधी दुकानातच आपला फोन लावून बघा. बऱ्याच स्वस्त फोनमधून चित्र बाहेर जातच नाही, पैसे वाया जातात.

४) कॅमेरा आणि माइक फोनचेच राहतात. फोन टीव्हीच्या खाली, तोंडाच्या उंचीवर टेका. उजेड समोरून घ्या, पाठीमागे खिडकी नको.

५) कास्ट करताना पुष्कळदा चित्र टीव्हीवर येतं आणि कॉलचा आवाज फोनमधूनच येत राहतो. तेव्हा फोन स्पीकरवर टाका. आवाज घुमत असेल तर टीव्हीचा आवाज कमी करा आणि खोलीतले बाकीचे फोन म्यूट करा.

६) फोनवर जे येईल ते सगळं टीव्हीवर दिसतं. बँकेचा मेसेज आला तर ओटीपी अख्ख्या सभेला दिसेल. आधी नोटिफिकेशन बंद करा.

यावर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे: "सगळंच चव्हाट्यावर आणायचं का?" नाही. आरोग्य उपकेंद्रात ई-संजीवनीवर एखादी बाई डॉक्टरशी बोलत असेल, तर तो कॉल मोठ्या पडद्यावर नकोच. दार बंद, आवाज हळू. घरगुती वाद, महिलेची तक्रार, पोरीचं समुपदेशन, यांनाही तोच नियम. आजार ज्याचा, गोष्ट त्याची. पण पीक विमा, पाणी योजना, घरकुल, शाळेच्या खोल्या ही गावाची कामं आहेत, ती कोणा एकाच्या फोनमध्ये बंद राहता कामा नयेत. आपण नेमकं उलटं करतो: रुग्णाची कहाणी चार माणसांत आणि गावाचा पैसा एका फोनमध्ये.

दुसरी बाजूही बघा. सध्या "डिजिटल अरेस्ट"च्या नावाने लुटालूट चालू आहे. पोलिसाचा ड्रेस घातलेला कोणी तरी व्हिडिओ कॉल करतो, "तुमच्या नावाने गुन्हा आहे, खोलीचं दार लावा, घरात कोणाला सांगू नका" म्हणतो आणि आयुष्यभराची जमा काढून घेतो. कायद्यात असली अटक नाहीच. २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये खुद्द पंतप्रधानांनी हे सांगितलं. हा सगळा खेळ चालतो तो माणूस एकटा आणि काच लहान म्हणून. तोच साहेब चार माणसांसमोर टीव्हीवर आला तर कितीसा टिकेल? असा कॉल आला तर कट करा, घरच्यांना हाक मारा आणि १९३० वर तक्रार द्या.

आमच्या पिढीने १९८७ मध्ये 'रामायण' गल्लीतल्या एकाच टीव्हीवर बघितलं. टीव्ही एकाचा होता, पण समोर बसायला कोणाची परवानगी लागत नव्हती. आज घरटी चार पडदे आहेत आणि जो तो आपल्यापुरता. बाकी काही परत आणायला नको, पण गावाच्या कामापुरतं ते एकत्र बसणं परत आणता येईल.

म्हणून सोनगीरच काय, परिसरातल्या सगळ्या ग्रामपंचायतींकडे तीन मागण्या:

एक, शेतकरी, पाणी, घरकुल यावरची वरून होणारी व्हीसी टीव्हीवर लावा, आणि आदल्या दिवशी फलकावर वेळ लिहा.

दोन, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर, २६ जानेवारी, १ मे या ग्रामसभांना बाहेरगावी असलेल्या पोरांसाठी लिंक द्या. कोरम आणि ठराव नियमाप्रमाणे हजर माणसांचाच राहू द्या. पण सुरतेत राबणाऱ्या पोराला आपल्या गल्लीच्या गटारीचं काय ठरलं ते ऐकू द्या, एखादा प्रश्न विचारू द्या.

तीन, टीव्ही असा लावा की तो ओट्यावरून दिसेल. खुर्चीत बसलेल्याला दिसला नाही तरी चालेल.

तुमच्या गावात टीव्ही कुठे आहे, चालू आहे की धूळ खात पडलाय, ते कमेंटमध्ये लिहा. आणि केबल जोडायला कोणाला मदत लागली तर सांगा, आपण येऊ.

#सोनगीर #धुळे #ग्रामसभा