गोगलगाय खाणारा मासा आणि लघवीतले रक्त

पावसाळ्यात आपल्याकडे आरोग्य कर्मचारी साचलेल्या पाण्यात गप्पी मासे सोडतात. ते डासांच्या अळ्या खातात आणि हिवताप, डेंगीला तेवढाच आळा बसतो. मासाही आरोग्यसेवक असू शकतो, हे त्यामुळे आपल्याला नवे नाही. पण निसर्गाने आधीच नेमलेला असा सेवक माणसानेच जाळ्यात ओढून संपवत आणला तर काय होते? त्याचे उत्तर आफ्रिकेतील मलावी सरोवराच्या काठी मिळते.

लघवीतून रक्त जाते अशी तक्रार घेऊन रुग्ण आला, की आमच्या सरकारी रुग्णालयात मुतखडा, जंतुसंसर्ग, क्षयरोग, कर्करोग असा क्रमाने विचार होतो. मलावीत मात्र आणखी एक प्रश्न विचारावाच लागतो: सरोवरात उतरला होता का? कारण तेथे बिल्हार्झिया, म्हणजेच शिस्टोसोमियासिस हा रोग आहे. थिओडोर बिल्हार्झ या जर्मन डॉक्टरने १८५१ मध्ये कैरो येथे त्याचा कृमी शोधला. हा कृमी मूत्राशयाभोवतीच्या शिरांमध्ये राहतो. त्याची अंडी लघवीतून पाण्यात जातात, त्यातून निघालेल्या अळ्या गोगलगायीत शिरतात, तिच्या शरीरात वाढतात आणि पुन्हा पाण्यात येऊन माणसाची त्वचा भेदतात. पोहणे, भांडी घासणे, कपडे धुणे एवढेही संसर्गाला पुरते. वर्षानुवर्षे उपचार झाले नाहीत तर मूत्राशयाचा कर्करोग होऊ शकतो. स्त्रियांच्या जननेंद्रियांवर व्रण होतात ते वेगळेच.

या साखळीत गोगलगाय नसेल तर कृमी पुढे सरकतच नाही. आणि तिला खाणारा मासा सरोवरात होता. ट्रेमॅटोक्रेनस प्लॅकोडॉन हे त्याचे शास्त्रीय नाव. सिक्लिड कुळातला आणि केवळ याच सरोवर परिसरातला. याच्या घशात दाढांसारखे चपटे, भक्कम दात असतात. त्यांनी तो शिंपले फोडून आतली गोगलगाय खातो.

एकेकाळी सरोवराचे मोकळे, वाळूचे किनारे या रोगापासून सुरक्षित मानले जात. धोका असे तो पाणवनस्पतींच्या साचलेल्या पाण्यात. १९८०च्या दशकाच्या मध्यानंतर केप मॅक्लिअर परिसरात चित्र बदलले. १९९२ मध्ये तेथे पोहलेल्या दोन अमेरिकी स्वयंसेवकांच्या मज्जासंस्थेपर्यंत हा रोग पोचल्याचे आढळले. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठाचे मत्स्यशास्त्रज्ञ जे स्टॉफर व त्यांच्या सहकाऱ्यांनी याचा संबंध मासेमारीशी जोडला: किनाऱ्यालगतचे गोगलगाय खाणारे मासे घटले, गोगलगायी वाढल्या आणि मागोमाग रोगही वाढला. वाढती लोकसंख्या आणि शौचालयांची वानवा हीदेखील कारणे आहेतच. सारा दोष जाळ्यांवर टाकता येणार नाही. पण माशाचा वाटा नाकारताही येणार नाही.

हा मासा लवकर भरून का येत नाही, हेही समजून घ्यायला हवे. आपला रोहू एका हंगामात लाखो अंडी घालतो. ही मादी मोजकीच अंडी घालते आणि ती तोंडात घेऊन उबवते. त्या काळात ती जवळजवळ उपाशीच असते. पिल्ले बाहेर आल्यावरही धोका दिसला की ती आईच्या तोंडात शिरतात. शत्रू मासा असेल तर ही युक्ती चालते. पण आपल्या रापणीसारखे किनाऱ्यावरून ओढलेले, बारीक आसाचे जाळे आले, की आईबरोबर पुढची पिढीही जाते.

या रोगावर प्राझिक्वांटेल हे स्वस्त आणि परिणामकारक औषध आहे. ते शरीरातले प्रौढ कृमी मारते, पण पुन्हा होणारा संसर्ग रोखत नाही. गोळी घेतलेले मूल दुसऱ्या दिवशी त्याच पाण्यात उतरते. दवाखान्यात आम्ही गोळ्या देत राहायचे आणि बाहेर पाणी तसेच ठेवायचे, याला उपचार म्हणता येईल, रोगनियंत्रण नव्हे.

म्हणून किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात मासेमारीवर निर्बंध हवेत, ही मागणी आरोग्याचीही आहे. अर्थात काठावरच्या कोळ्याची चूल त्याच माशावर पेटते. त्याला खोल पाण्यात जाण्यासाठी होडी, जाळी आणि कर्ज न देता नुसती बंदी घातली, तर ती कागदावरच राहील. शौचालये आणि नळाचे पाणी यांनाही पर्याय नाही.

हा विषय आपल्यापासून वाटतो तेवढा दूर नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील गिमवी गावात याच रोगाचे रुग्ण सापडल्याची नोंद १९५२ मध्ये डॉ. गाडगीळ आणि डॉ. शहा यांनी केली होती. तेथेही संशयाची सुई पाण्यातल्या एका लहानशा गोगलगायीकडेच वळली होती. ओढ्यात, तळ्यात कोण कोणाला खाते, हा प्रश्न केवळ मत्स्यव्यवसाय खात्याचा नाही. आरोग्य खात्याने त्या खात्याशेजारी खुर्ची टाकून बसायला हवे, तेही रुग्णांची रांग लागण्याआधी.