नानीचा प्रश्न आणि वीस बाजूंचा फासा

मे महिन्याच्या सुट्टीत आमचा भाचा आला तो रंगीबेरंगी फाशांची डबी घेऊनच. चार बाजूंचा फासा, आठ बाजूंचा, वीस बाजूंचासुद्धा. अम्मींनी चष्मा सावरत विचारले, "जुगार तर नाही ना रे हा?"

"नाही नानी, पैसे नसतात यात. कुणी जिंकतही नाही."

मग खेळायचे कशाला, हा अम्मींचा पुढचा प्रश्न. तो आम्हालाही पडला, म्हणून जरा खोलात शिरलो.

खेळाचे नाव ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’. १९७४ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिन राज्यात, लेक जिनिव्हा या छोट्या गावातून तो बाजारात आला. पेटीत तीन पुस्तिका, आणि पहिली आवृत्ती अवघी हजार प्रतींची. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे कर्ते. दोघेही टेबलावर खेळण्यातले सैन्य मांडून लढाया खेळणारे. त्या लढायांत एक खेळाडू अख्खी फौज चालवी. यांनी फौज बाजूला सारली आणि सांगितले, तू एकच माणूस हो. योद्धा हो, जादूगार हो. समोरचा पंच गोष्ट सांगतो, खेळाडू म्हणतो "मी दार उघडतो", आणि पुढे काय होते ते पंच व फासे ठरवतात.

अर्नेसनपुढे एक गंमतीदार अडचण आली. जुन्या नियमांत एका फटक्यात माणूस मरे. फौजेतला शिपाई गेला तर कुणाला दुःख नसे, पण स्वतःचे पात्र मेले की मंडळी हिरमुसत. म्हणून प्रत्येक घावाने थोडे थोडे गुण कमी व्हावेत, शून्य झाले की संपले, अशी सोय त्याने केली. जहाजांच्या लढाईच्या खेळातून ही युक्ती उचलली, असे तो सांगे. आपल्या मुलांच्या मोबाइलवर लढताना जी पट्टी आखडत जाते, तिचे मूळ इथे आहे. अनुभव मिळवून पात्राची ‘लेव्हल’ वाढणे, तेही इथलेच. १९८१ च्या ‘विझर्ड्री’ व ‘अल्टिमा’ या संगणकीय खेळांनी ते उचलले, आणि त्यांच्याकडून १९८६ मध्ये जपानच्या ‘ड्रॅगन क्वेस्ट’ने.

संगणकाने उचलला तो हिशेब. समोर बसून ऐकणारा, मुलाने भलतेच काही सुचवले तर गोष्ट वळवणारा पंच मात्र टेबलावरच राहिला. आमच्या मते खरी चीज तीच होती.

टेबलावरच्या नव्या खेळांनी या थोरल्याशी वादही घातला. १९७८ च्या ‘रूनक्वेस्ट’ने लेव्हल काढूनच टाकली, जे कसब वापराल ते वाढेल. १९८१ च्या ‘कॉल ऑफ कथुलू’मध्ये तर नायक बलवान होण्याऐवजी त्याचे मनच ढासळत जाते. तरी दुकानात आजही लोक थोरल्याचेच नाव घेतात, हे धाकट्यांवर अन्यायाचे आहे.

धास्तावलेल्या अम्मी काही एकट्या नव्हेत. १९८० च्या दशकात अमेरिकेतील काही ख्रिस्ती पालकांनी या खेळाला सैतानाची उपासना ठरवले होते. कंपनीने १९८९ च्या आवृत्तीत राक्षसांची नावे तेवढी बदलली!

फाशांबद्दलचे अम्मींचे मत काही बदलले नाही. मग भाच्याने वहीचा कागद फाडला, १ ते २० आकड्यांच्या चिठ्ठ्या केल्या आणि वाटीत टाकल्या. १९७९ मध्ये फाशांचा तुटवडा पडला, तेव्हा कंपनीनेही पेटीत आकडे छापलेले पुठ्ठ्याचे तुकडेच घातले होते. पहिली चिठ्ठी अम्मींनी उचलली.